नळावर रागवायचं नाही

४ जानेवारी

प्रिय चिंगे,

आशीर्वाद नेहमीचेच, तेवढे समजून घे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दर दोन मिनिटांनी "आत्या, एक मिनिट हं" म्हणतेस आणि ते मिनिट संपेपर्यंत मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. पत्र तुला मध्येच अडवता येणार नाही.

बातमी अशी आहे. आमच्या तंत्रशाळेच्या प्राचार्यांनी जाहीर केलंय की एप्रिलपासून नळकामाचा वर्गातला भाग ऑनलाइन. विद्यार्थी घरी बसून व्हिडिओ बघणार आणि हात काळे करायला तेवढे माझ्या वर्कशॉपमध्ये येणार. एकूण बारा व्हिडिओ हवेत. फेब्रुवारीअखेर मी करून दिले तर माझे घेतील, नाही तर कुठल्याशा कंपनीचे तयार आणतील. आणि एकदा का ते आले की माझे तास निम्मे. बावीस वर्षं लोकांना नळ शिकवतेय, त्याचा निकाल आता बारा व्हिडिओंवर लागणार म्हण.

रविवारी पहिला प्रयोग केला. पाइपचेच तीन तुकडे जोडून फोनसाठी तिवई बनवली आणि पाऊण तास अगदी मनापासून शिकवलं. नंतर बघितलं तर पाऊण तास नुसता माझा एप्रन. वर मान तुटलेली, खाली हात तुटलेले, मधला एप्रन तेवढा बोलतोय. तुझे आतोबा म्हणाले, आवाज छान आलाय. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कशालाच वाईट म्हटलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या मताचा उपयोग शून्य.

तू त्या व्हिडिओच्या कंपनीत नक्की काय करतेस ते मला कधीच नीट कळलं नाही, पण शिकवायचे व्हिडिओ करतेस एवढं ठाऊक आहे. तेव्हा मला शिकव. मोठ्यांना शिकवायची संधी रोज मिळत नाही.

तुझी आत्या

१३ जानेवारी

प्रिय आत्या,

एप्रनचं वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले होते. लोक बघायला लागले.

ऐक आता. पाऊण तास कोणी बघत नाही. एका व्हिडिओत एकच गोष्ट, सहा मिनिटांत. चेहरा सुरुवातीला दाखव, मग फक्त हात. फोन समोर नको, खांद्यावरून खाली बघणारा ठेव, म्हणजे बघणाऱ्याला आपलेच हात वाटतात. आणि "हे असं, मग हे असं" म्हणायचं नाही. काय असं, ते सांगायचं. आतोबांना फोन धरायला लाव, तिवईपेक्षा ते बरे. निदान ऐकतात तरी.

एक सहज विचारते. ज्याला नळातलं ओ की ठो कळत नाही, त्याला तू कसं समजावतेस? जोडाला टेप गुंडाळणं, वॉशर बदलणं, पाना किती आवळायचा, हे सगळं तुझ्या शब्दांत लिहून पाठव ना. वर्गात बोलतेस तसंच, काही न सुधारता. तुझे व्हिडिओ कसे बसवायचे ते मला त्यावरून सुचेल.

तुझी चिंगी

२१ जानेवारी

प्रिय चिंगे,

तू पाच वर्षांची असताना मी तुला वॉशर दाखवला होता, तर तू तो बोटात अंगठी म्हणून घातलास आणि काढू देईनास. त्यानंतर नळाबद्दल तू मला पहिल्यांदाच काही विचारते आहेस. माझा आनंद विचारू नकोस. सोबत अकरा पानं जोडली आहेत. दोन्ही बाजूंनी लिहिली आहेत, उलटून बघ.

थोडक्यात सांगायचं तर मी पहिल्या दिवशी म्हणते, नळावर रागवायचं नाही. तो गळतो म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय, आधी ऐकून घ्या. मग म्हणते, कामाला हात लावण्याआधी पाणी बंद, आणि पाणी बंद झालंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचं नाही. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची. जोडाचं तोंड आपल्याकडे धरलं की घड्याळाचा काटा फिरतो तशी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सगळी गोळा होऊन बाहेर येते, न आवडलेल्या पाहुण्यासमोर मूल रुसून बाहेर येतं तशी. आणि पाना आवळताना हाताला "बस" असं कळतं, तिथे थांबायचं. अजून थोडं, अजून थोडं करणाऱ्याच्या हातून आटे जातात.

व्हिडिओंचं म्हणशील तर दोन झाले. आतोबा फोन धरतात खरे, पण मी वॉशर दाखवत असले की हे हळूच फोन वर करून माझा चेहरा टिपतात. म्हटलं, अहो, खाली. तर म्हणाले, खाली तेच तेच चाललंय. दुसऱ्या व्हिडिओत नेमक्या महत्त्वाच्या जागी त्यांची शिंक आहे. ती काढता येते का?

तुझी आत्या

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे एक मोठं काम अंगावर पडलंय, मान वर करायला फुरसत नाही. तुझी अकरा पानं मी इतक्यांदा वाचली की घड्यांवर फाटायला लागली आहेत. शिंक काढून दोन्ही व्हिडिओ परत पाठवले आहेत.

अजून थोडं विचारायचं होतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करताना नवशिका काय चुकतो? टाकीचा तरंगता गोळा बिघडलाय हे आवाजावरून कसं कळतं? तुंबलेल्या मोरीबद्दल तू जे विनोद करतेस त्यातले एक-दोन लिहून पाठवशील? शक्यतो या आठवड्यात.

तुझी चिंगी

३ मार्च

प्रिय चिंगे,

तुझ्या मागच्या प्रश्नांची उत्तरं मी लगोलग पाठवली होती, मिळाली असतीलच. आज दुसरंच सांगायचंय.

माझे पाचच व्हिडिओ झाले. बारा होणार नव्हते, हे प्राचार्यांना माझ्याआधी कळलं असावं. काल त्यांनी आम्हा शिक्षकांना बोलावून त्या कंपनीचा पहिला व्हिडिओ दाखवला. एक देखणा माणूस, निळा शर्ट, परीटघडीचा. हात असे की आयुष्यात बादली उचलली नसावी. मी मनात म्हटलं, चला, हा पडला. तर त्याने पाना हातात घेतला, आमच्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "नळावर रागवायचं नाही. तो गळतो म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय."

चिंगे, मी खुर्चीतच सरळ झाले. पुढे तुंबलेल्या मोरीचा विनोदही आला. सगळे हसले, माझ्या वर्गात हसतात त्याच जागी. घरी येऊन आतोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ही तुझी वाक्यं आहेत. मी म्हटलं, चांगली गोष्ट दोघांना सुचू शकते. खरं सांगू? मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं. बावीस वर्षं मला वाटायचं की नळाकडे असं बघणारी मी एकटीच खुळी आहे. आता कळलं, कुठेतरी दुसरं कोणीतरी आहे.

तास मात्र निम्मे झाले. विद्यार्थी चाचणीपुरतेच माझ्याकडे येणार. ते असो. असे व्हिडिओ लिहिणाऱ्या माणसाचं नाव कुठे शोधायचं असतं गं? त्या बाईंना किंवा बुवांना एक पत्र लिहावं म्हणते.

तुझी आत्या

१० मार्च

आत्या,

पत्र लिहू नकोस. ती बाई मी आहे.

सगळं सरळ सांगते. तुझं पहिलं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी आमच्या मॅनेजरनी मला बोलावलं. नळकामाचा कोर्स लिहिणारा माणूस काम सोडून गेला होता, ते म्हणाले, हा तू लिही. मी हातात कधी पाना धरलेला नाही. इंटरनेटवर शोधून शोधून जे मिळालं ते इतकं कोरडं होतं की वाचतानाच झोप यावी. तेव्हा तुझं पत्र पर्समध्ये होतं. मी स्वतःला सांगितलं की आत्याला मदत करता करता आपलंही काम होईल. मग तुझी अकरा पानं आली, आणि मदत बाजूला राहून नुसतं काम झालं.

तुमची तंत्रशाळा हेच व्हिडिओ घेईल हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर मी थांबले असते का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तेच मला जास्त लागतंय.

तुला वाटलं, कुठेतरी दुसरं कोणीतरी आहे. कोणी नव्हतं, आत्या. तूच होतीस.

चिंगी

२६ मार्च

चि. चिंगीस,

आतोबाचे आशीर्वाद. मला पत्रं लिहायची सवय नाही, पण तुझी आत्या लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. तिने तुझं पत्र तीनदा वाचलं आणि अवजारांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवलं. नंतर घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मग न बिघडलेले उघडून पुन्हा बसवले. मग शेजाऱ्यांकडे गेली. सध्या आमच्या जिन्यात एकही नळ टपकत नाही आणि आमच्या घरात एकही माणूस बोलत नाही.

मी विचारलं, चोरलं म्हणून राग आलाय का? ती म्हणाली, "मागितलं असतं तर मी सगळंच दिलं असतं. तिने मागितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही."

यात माझी काही मध्यस्थी नाही. तू फोन करू नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण लिहीत राहा. पत्र आलं की ती आधी माझ्या हातून काढून घेते.

आतोबा

२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं उत्तर न आलेलं हे माझं चौथं पत्र. उत्तराची वाट बघत नाही, कळवते आहे फक्त.

तुझं नाव व्हिडिओवर घाला असं मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, नळाचा कोर्स आहे, कादंबरी नाही, नावं कोण बघतंय? मी तुझी पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी त्यातलं एक वाचलं, हसले, आणि विचार करतो म्हणाले. ते "विचार करतो" म्हणाले की विषय संपतो. मी उद्या पुन्हा विचारणार आहे.

चिंगी

१५ मे

चिंगे,

माफीबिफीचं नंतर बघू. आत्ता काम निघालंय म्हणून लिहितेय.

काल नव्या तुकडीची पहिली चाचणी होती. चोवीस जण, प्रत्येकासमोर फळी, फळीवर एक नळ आणि त्याचा छोटा व्हॉल्व्ह. काम सोपं. पाणी बंद करा, नळ काढा, टेप गुंडाळून परत बसवा. प्राचार्य तीन पाहुण्यांना घेऊन आले होते, ऑनलाइन शिक्षणाची प्रगती दाखवायला. पाहुण्यांतल्या एका बाईंच्या अंगावर रेशमी कपडे होते, हे मुद्दाम सांगते.

मी म्हटलं, सुरू करा. चोवीस जणांनी चोवीस व्हॉल्व्ह फिरवले. सगळ्यांनी उलटे. व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडे, ते आणखी फिरेनात, तर या मंडळींना वाटलं, बंद झाले. मी ओरडायच्या आत पहिल्या रांगेने नळ काढलेसुद्धा. आठ कारंजी एकदम. रेशमी बाई भिंतीपर्यंत मागे सरकल्या आणि नेमक्या नवव्या फळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. प्राचार्य फाइल डोक्यावर धरून "शांत राहा, शांत राहा" म्हणत होते, पण शांत नव्हतं ते फक्त पाणी.

सगळं बंद करून, लोकांना कोरडं करून पुन्हा सुरुवात केली. तर टेपही चोवीस जणांनी उलटी गुंडाळली. एक चुकला तर त्याची चूक. चोवीस एकसारखे चुकले तर ते शिकलेलं असतं. मी विचारलं, कुणी सांगितलं असं? सगळे म्हणाले, व्हिडिओत असंच आहे.

आता माझी चूक सांगते. मी रुसून तुमचा पहिला सोडून एकही व्हिडिओ बघितला नव्हता. काल संध्याकाळी चौथा बघितला. निळा शर्ट तोंडाने बरोबर बोलतो, माझंच वाक्य, घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळा. हात मात्र उलटे चालतात. लोक कानांवर कमी आणि डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात. मी दोनदा बघितलं तेव्हा दिसलं की त्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे. खिसा डावीकडे असतो, चिंगे. तुम्ही दृश्य आरशासारखं उलटं केलंय.

प्राचार्य कंपनीला कडक पत्र लिहायला बसले होते. मी म्हटलं, एक आठवडा थांबा, माझी तिथे ओळख आहे. त्या व्हिडिओखाली आकडा आहे, दोन हजारांहून जास्त लोकांनी बघितलाय. तेवढ्या घरांत आज माझं वाक्य आणि उलटे हात पोचलेत. वाक्यं घेतलीस त्यापेक्षा मला हे जास्त झोंबलं. आधी ते दुरुस्त कर.

आत्या

२२ मे

प्रिय आत्या,

पत्र वाचून तशीच उठले आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. दृश्य मीच उलटं केलं होतं. आमच्याकडे पडद्यावरची अक्षरं नेहमी डाव्या बाजूला येतात आणि निळा शर्ट नेमका डावीकडे उभा होता. एक बटण दाबलं की माणूस उजवीकडे जातो. आट्यांनाही दिशा असते हे मी तुझ्या पानांवरून तोंडपाठ केलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. हे सगळं त्यांना सांगितलं. चौथा, सहावा आणि नववा व्हिडिओ त्याच दिवशी उतरवले, आणि ज्यांनी बघितले त्या सगळ्यांना चूक कळवणारी सूचना गेली. ती मीच लिहिली.

मग घरी येऊन स्वतःच्या बेसिनचा नळ उघडला. व्हॉल्व्ह बरोबर बंद केला, पण बंद झालाय हे डोळ्यांनी बघायचं विसरले. खालच्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन वर आले. दारातच ती उघडून दाखवली.

आता लाज सोडून एक निरोप देते. मॅनेजर म्हणतात, तुमच्या आत्यांचे हात मिळतील का? चेहरा निळ्या शर्टाचा, हात तुझे. हे तुला विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण यावेळी कशासाठी मागते आहे ते आधी सांगते आहे.

तुझी चिंगी

१ जून

प्रिय चिंगे,

माझे हात मिळणार नाहीत. मी अख्खी मिळेन. त्यांना सांग, हातांबरोबर एक बाई येते, ती बोलते आणि तिला नाव आहे. निळ्या शर्टाला काढू नका, बिचाऱ्याची पोटापाण्याची गोष्ट आहे, पण तो शिकणारा म्हणून उभा राहील आणि चुकेल. चुकणारा माणूस दिसला की बघणाऱ्याला धीर येतो.

प्राचार्यांशी मी बोलले आहे. रेशमी बाईंनी त्यांना काय ऐकवलं कोण जाणे, माझे तास पूर्ववत झालेत.

वीस तारखेला पोचते. आतोबा गुडघ्यामुळे येणार नाहीत, म्हणजे तुमचा कॅमेरा तरी खाली राहील.

तुझी आत्या

२३ जून

अहो आतोबा,

आत्या फोनवर तुम्हाला फक्त "झालं एकदाचं" म्हणाली असेल. काय झालं ते मी सांगते.

दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, आणि आत्या गप्प. बावीस वर्षांत वर्गात जिला एक क्षण उसंत नसते, ती पाना धरून उभी. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "इथे कोणी नाहीच. कोणाला शिकवू?" मॅनेजर घड्याळ बघायला लागले.

मी माझी खुर्ची सोडली आणि निळ्या शर्टाच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. म्हटलं, आत्या, मला शिकव. खरंच येत नाही मला.

तिने माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण नंतर मोजलं तर अकरा सेकंद भरले. मग तिने माझ्या हातात जोड आणि टेप दिली. मी गुंडाळली, आणि इतकं सगळं होऊनसुद्धा उलटी गुंडाळली. तिने माझ्या हातावर चापटी मारली, हलकीच, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ही माझी भाची. हिने माझी सगळी वाक्यं पाठ केली, हाताला मात्र एकही शिकवलं नाही. तुम्ही असं करू नका." मग जी सुटली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. निळा शर्ट आता खरोखर वॉशर बदलतो आणि सगळ्यांना दाखवत फिरतो.

मॅनेजर म्हणाले, भाचीचं ते वाक्य काढून टाक, घरगुती वाटतं. आत्याही म्हणाली, काढ गं, तोंडातून गेलं. पण कुठे कापायचं आणि कुठे ठेवायचं हे काम माझं आहे. मी ठेवलंय. अकरा सेकंदही ठेवलेत.

तुमची चिंगी

८ जुलै

प्रिय चिंगे,

व्हिडिओ बघितला. ते वाक्य काढायला सांगितलं होतं मी तुला. आतोबांनी तो चार वेळा बघितला आणि म्हणाले, आवाज छान आलाय.

आज पुढची तुकडी आली, सगळं बघून, तयार होऊन. सव्वीस जणांनी टेप बरोबर गुंडाळली. जाताना मागच्या रांगेतली एक बाई थांबली. तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या भाचीला आता जमतं का?"

मी म्हटलं, जमतं.

तुझी आत्या